वाकडी किनार

(कैरवान शहर. डोळ्यांच्या डॉक्टरची खोली. बेय्याआजी खुर्चीत, नातू शादली शेजारी उभा.)

बेय्याआजी : अल्लाची शपथ, शब्दन् शब्द खरा आहे! एक जरी खोटा निघाला तर माझी जीभ झडो!

डॉ. रौदा : आजी, मी एवढंच विचारलं, त्रास कधीपासून?

बेय्याआजी : तेच सांगतेय. परवा या शादलीसाठी मुलगी बघायला गेलो. दोर्साफ तिचं नाव. तिनं स्वतः विणलेला गालिचा अंथरला. एवढा मोठा, एवढा मोठा, की मधोमध त्यांचं गाढव हरवलं होतं.

शादली : चार माणसं बसतील एवढा होता.

बेय्याआजी : तू गप. तू गालिचा कुठे बघत होतास? तर डॉक्टर, मी किनार बघितली. मधेच वाकडी! सापानं वळण घ्यावं तशी. उभा जन्म गालिच्याच्या गाठी मारण्यात गेला माझा, मला कोण फसवणार?

शादली : आणि भरल्या बैठकीत म्हणाली, असली सून आमच्या घरात नको. तिच्या वडिलांनी गालिच्यामागचा सरकारी शिक्का दाखवला, पहिल्या प्रतीचा. तर म्हणे, शिक्काही वाकडा!

बेय्याआजी : होताच!

डॉ. रौदा : त्याआधी आणखी काही वाकडं दिसलं होतं?

बेय्याआजी : गेल्या जुम्म्याला टीव्हीवर बातम्या देणाऱ्याचं नाक वाकडं दिसलं. पण तो बोलतोच तसं, म्हणून सोडून दिलं. मग नगरपालिकेची नवी भिंत. ठेकेदार म्हणजे तिथल्या साहेबांचा मेहुणा, ती वाकडी असणारच.

डॉ. रौदा : घरी सांगितलं नाही कुणाला?

शादली : सांगितलं ना. बाबा म्हणाले, वय झालं. काकू म्हणाली, दृष्ट लागली, दारावर माशाचं शेपूट टांगा. शेजारच्या मन्नूबियाबाईंनी डोळ्यात कांद्याचा रस घालायला सांगितलं.

डॉ. रौदा : घातला?

बेय्याआजी : घातला. भिंत तशीच राहिली, वर मन्नूबिया दोन दिसायला लागल्या. मला एकच झेपत नाही!

डॉ. रौदा : मग इथे कुणी धाडलं?

बेय्याआजी : त्याच मुलीनं. भांडली हो माझ्याशी! अशी भांडली की कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं. म्हणाली, थेरडे, डोळे आहेत का बटणं?

शादली : दोर्साफ असं म्हणाली?

बेय्याआजी : तुम्ही पुरुष तोंड लपवून अंगणात पळाला होता, तुम्हाला काय कळणार! मग तिनं गालिचा फिरवला, हे टोक तिकडे, ते इकडे. दोष विणीत असता तर तोही तिकडे गेला असता ना? पण नाही, मी बघेन तिथेच वाकडं. मग म्हणाली, एकेक डोळा झाका. उजवा झाकला, वाकडी. डावा झाकला, किनार सुतासारखी सरळ!

डॉ. रौदा : आता डाव्या डोळ्यानं हा चौकटींचा कागद बघा.

बेय्याआजी : हा कुणी विणला? हाकला त्याला!

डॉ. रौदा : छापलाय, आजी. सगळ्या रेघा सरळ आहेत. तुमच्या डाव्या डोळ्यात, पडद्याच्या मधोमध, पाणी झिरपायला लागलंय. वयामुळे होतं. चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो, म्हणून लोकांना पत्ताच लागत नाही. येतात तेव्हा मधे काळा डाग बसलेला असतो. तुम्ही वेळेवर आलात. आज इंजेक्शन देऊ.

बेय्याआजी : दंडात?

डॉ. रौदा : डोळ्यात.

बेय्याआजी : शादली, माझी चप्पल दे.

डॉ. रौदा : बधिर करून देतो. नाही घेतलं, तर या डोळ्याला समोरच्याचा चेहरा दिसणार नाही. उद्या उजव्यालाही होऊ शकतं.

बेय्याआजी : नातसुनेचाही?

शादली : कसली नातसून? तू नको म्हणून आलीस. त्यांनी दार लावून घेतलंय.

बेय्याआजी : लावू दे. मी ठोठावीन. पाय धरीन. डॉक्टर, आणा ती सुई.

डॉ. रौदा : शाबास. आणि घरीसुद्धा एकेक डोळा झाकून गालिच्याची किनार बघत जा. वाकली की त्याच दिवशी या.

बेय्याआजी : येईन. पण सुईआधी एक सांगते. ती भांडली म्हटलं ना, तेवढं मी रचलं.

शादली : मग काय म्हणाली ती?

बेय्याआजी : वाईट काहीच नाही. डोळे दाखवून घ्या, एवढंच. निघताना उंबऱ्याशी माझ्या डाव्या बाजूला आली आणि हात धरला.