नाल्यापलीकडचा टप्पा

(१९५५. अहेरीचा आठवडी बाजार. चिंचेखाली गफ्फारचं जोडे शिवायचं दुकान.)

गफ्फार : डाव्या टाचेचं रबर बोटभर झिजलं. उजवीचं जसंच्या तसं, कालच ठोकल्यावानी. आता तूच सांग बिरजू, माणूस मोकळा पळाला तर असा झिजते का जोडा?

बिरजू : माहा पायच तसा पडते.

गफ्फार : तुहा पाय नाई, तुहा खांदा. टपालाची थैली घेऊन पळत होतास तवाबी डावीच टाच झिजायची. आता टपाल मोटारीनं जाऊन साल झालं. मंग डाव्या खांद्यावर अजून काय घेऊन पळून राह्यलास?

बिरजू : थैलीच.

गफ्फार : कोणाची?

बिरजू : जुनी हाये घरी. रेती भरली तिच्यात.

गफ्फार : या अल्ला! नागपूरच्या दौडीत थैली देनार हायेत का तुले?

बिरजू : खांदा मोकळा राह्यला का पाय भटकते, भाऊ. दुसऱ्याच्या लग्नात काम न सांगितलेल्या माणसावानी वाटते.

गफ्फार : हसू का रडू तुह्यावर? रेंजरसाहेबाचा चपराशी सकाळीच येऊन गेला. साहेब दुपारच्या मोटारीनं चांद्याले निघाले. इथून एकच माणूस पाठवाचा हाये मॅरेथॉनले. नाव आज पाहिजे. तू कवापासून म्हणून राह्यलास, पुढच्या बाजारी सांगतो, पुढच्या बाजारी सांगतो. आन् हे चामडं पाह्य. दिवाळीपासून दाबून ठेवलं तुह्यासाठी. खालच्या सोलाले मोटारीच्या टायरचा तुकडाबी आणला.

बिरजू : कोणत्या मोटारीचा?

गफ्फार : टपालाच्या. दुसरी कुठी पडून हाये टायर टाकून द्याले?

बिरजू : बरं हाये. कामबी तिनंच नेलं, जोडाबी तिच्याच कातड्याचा.

गफ्फार : कर मस्करी. पण याच्यात एकच जोड निघते. एकदा रापीनं कापलं का कापलं. म्हणून माप मागून राह्यलो.

बिरजू : थांब थोडं. वच्छला मीठ घ्याले गेली. येऊ दे तिले.

गफ्फार : ती यायच्या आंधी आणखी एक सांग. तुह्या जोड्याच्या शिवणीत लालच माती हाये. नाला ओलांडला का काळी माती लागते ना रे?

बिरजू : हळू बोल, भाऊ.

वच्छला : काऊन हळू? मी आली म्हणून?

गफ्फार : या वच्छलाबाई, बसा. नवऱ्याच्या जोड्याचं बोलून राह्यलो.

वच्छला : माप दिलं का याईनं? मी ठरवूनच आली, आज कापून झाल्याबिगर उठाचं नाई. गफ्फारभाऊ, या माणसाच्या गुडघ्याले मोहाच्या टोळीचं तेल चोळून चोळून माहे हात गुळगुळीत झाले. पहाटे मीच उठवाचं, आंबील मीच पाजाचं. थंडीत तर गोधडी ओढून घेतली अंगावरची. कुत्र्यानं पाहावं तसे पाहत माह्याकडं.

बिरजू : थंडी होती.

वच्छला : नाल्यापलीकडं आलापल्लीपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे थंडी कुठी राह्यली? पळाले लागलं का घाम येते.

गफ्फार : (जोडा उलटा करून शिवणीतली माती नखानं खरवडतो.)

वच्छला : काय खरवडून राह्यले, भाऊ? आत्ता मातीचं काय म्हणत होते?

गफ्फार : त्यालेच विचारा, बाई. मी जोडे शिवतो, घरं नाई उसवत.

वच्छला : बोला ना.

बिरजू : मी आलापल्लीले जात नाई.

वच्छला : कवापासून?

बिरजू : कवाच गेलो नाई. नाल्यापाशी टपालाची झोपडी हाये, तिथपर्यंत जातो. रोज मनात म्हणतो, आज पलीकडं उतरू. झोपडी दिसली का पाय थांबते.

वच्छला : आन् मंग?

बिरजू : बसतो तिथी. आलापल्लीहून याले जेवढा वेळ लागन तेवढा बसतो. मंग येतो घरी.

वच्छला : आन् मी तिकडं गरम पाणी ठेवून दारात उभी राहतो. माणूस थकून येऊन राह्यला म्हणून.

बिरजू : थकतोच ना. बसूनबी थकते माणूस.

वच्छला : ते नका सांगू मले. मागच्या साली नागपूरहून परत आले तवा सारी अहेरी हसली. पोट्टे अजूनबी तुमाले पाहून हात पुढं करून दाखवते. मी हसली होती का?

बिरजू : नाई.

वच्छला : गफ्फारभाऊ, साऱ्याहीच्या पुढं होते हे. रस्त्यावर एका माणसानं पाण्याचा गिलास धरून हात पुढं केला, आन् हे थांबले. पाणी नाई घेतलं. खांद्यावरची थैली काढून त्याच्या हाती द्याले गेले. खांद्यावर काई नोतं!

गफ्फार : माहीत हाये, बाई. मीबी हसलो होतो तवा. हसाले नोतं पाहिजे.

बिरजू : साऱ्या जवानीत हेच केलं, भाऊ. इथून नाल्यापर्यंत पळाचं. तिथी चैतू उभा राहे हात पुढं करून. त्याच्या हाती थैली दिली का आपलं झालं, पुढचं जंगल त्याचं. त्या दिवशी तो हात दिसला, आन् वाटलं, पोचलो. सारे बाजूनं निघून गेले तरी मी उभाच होतो. वाटे, हे लोक कुठी पळून राह्यले?

वच्छला : यंदा मी येतो संगं. पाणीवाल्याहीचे हातच बांधून ठेवतो.

गफ्फार : हे बरं हाये. भाडं एकाचंच मिळन पण.

वच्छला : पायी येतो मी. मले तुमाले एकदा नाल्याच्या पलीकडं जाताना पाह्याचं हाये, बस. जिंकाले नाई म्हणत मी.

बिरजू : चैतू जाते पलीकडं.

वच्छला : चैतूचं काय आलं मधातच?

बिरजू : तो आता इथीच राहते ना, लाकडाच्या डेपोत काम करते. पहाटे पळते तोबी. मी झोपडीत बसून राहतो, मागून त्याचे पाय वाजते. आपण झोपडी दिसली का ढिले पडतो, तो तिथी आला का जोर धरते. त्याची दौड तिथूनच सुरू व्हाची ना.

गफ्फार : थांबत नाई का तुह्यापाशी?

बिरजू : पयल्या दिवशी थांबला. मले पाह्यलं, आन् सवयीनं हात पुढं केला त्यानं. दोघंबी हसलो.

वच्छला : मंग काय दिलं तुमी?

बिरजू : काय देऊ? थैलीत रेती होती. तो हात हालवून निघून गेला. आता रोज जाते. काळ्या मातीतून दूरपर्यंत दिसते, मंग सागवानात शिरते. मी पाहत राहतो.

वच्छला : त्यानं मागितलं का तुमाले काई? नाव दे म्हणून?

बिरजू : तो काऊन मागन? साहेबानं माहं नाव धरलं, हे त्याले माहीत हाये. अनवाणीच पळते. टाचांच्या भेगाईत मेण भरते आन् पळते.

गफ्फार : मेण? मूर्ख हाये. माह्याकडं यावं ना त्यानं.

बिरजू : कोणत्या तोंडानं येईन तो? हे चामडं माह्यासाठी ठेवलं, साऱ्या बाजाराले माहीत हाये.

वच्छला : मी याच्यासाठी नाई उठवलं तुमाले रोज.

बिरजू : माहीत हाये.

वच्छला : दुसऱ्याची दौड पाहाले नाई उठवलं.

बिरजू : माहीत हाये मले, वच्छला. तू उठवलं म्हणून तर तिथपर्यंत जात होतो.

गफ्फार : चपराशी येऊन राह्यला. त्या कापडाच्या दुकानापाशी दिसते पाह्य, लाल पगडी. बिरजू, हा मापाचा कागद. पाय ठेव नाईतर तसं सांग. चामडंबी किती दिवस वाट पाहन?

वच्छला : ठेवा ना पाय. नागपूरले नका जाऊ वाटलं तर. जोडा तरी घ्या.

बिरजू : जोडा घेऊन कुठी जाऊ?

वच्छला : नाल्यापर्यंत.

बिरजू : त्याले जुना पुरते.

गफ्फार : बाई, तुमीच सांगा आता चपराशाले काय ते.

वच्छला : मी नाई सांगत. सालभर मीच बोलली याईच्या वाटचं. आता याईनंच बोलावं.

बिरजू : गफ्फारभाऊ, कागद उचल तो. डेपोकडं आवाज दे चैतूले. नाव त्याचंच सांगतो मी, आन् जोडाबी त्याच्याच मापाचा काप.