रेडिओ बंद पडला होता

धाकटी : ...आणि शेवटी असं लिहिलंय, "माझा सख्खा भाऊ गेला, पण त्याचा हा मित्र एकतीस वर्षं माझा भाऊ होऊन राहिला." बरं वाटतंय ना, वहिनी? की जरा जास्तच होतंय?

वहिनी : चहा गार झाला बघ तुझा.

धाकटी : होऊ दे. तुम्ही सांगा ना. उद्या शोकसभेला हवाई दलातले त्यांचे जुने सोबती येणार, त्यांच्यासमोर माझं ततपप व्हायला नको. दादांच्या नोकरीच्याही दोन ओळी घालायच्यात. पण ते कधी काही सांगायचेच नाहीत. आधी हवाई दलात भांडारावर, मग विमानतळावर धावपट्टीचे दिवे. एवढंच माहितेय मला.

वहिनी : दिवे खरे. सव्वीस वर्षं. एकेक काच पुसायची, गेलेला दिवा बदलायचा. लोक हसायचे, टॉवरमध्ये बसणारा माणूस आता गुडघे टेकून दिवे पुसतोय म्हणून.

धाकटी : टॉवरमध्ये? दादा टॉवरमध्ये कधी होते?

वहिनी : हवाई दलात अकरा वर्षं तिथेच. वैमानिकांशी बोलायचं काम. कुणी आधी उतरायचं, कुणी थांबायचं, ते सांगायचं.

धाकटी : मग मला भांडार का म्हणाले?

वहिनी : तो कागद जरा बाजूला ठेव.

धाकटी : वहिनी, काय झालंय?

वहिनी : उद्या येणारेत ना, त्यातले दोघं त्या सकाळी ह्यांच्या शेजारच्या खुर्च्यांवर होते. कुणीतरी बोलून जाणारच. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक. दवाखान्यात हे म्हणाले, "माझ्याच्यानं झालं नाही, तू सांग तिला." तुझा भाऊ गेला, तेव्हा माइकवर हे होते.

धाकटी : पण रेडिओ बंद पडला होता.

वहिनी : नव्हता गं.

धाकटी : अहो, दादांनीच सांगितलं होतं! बाहेरच्या खोलीत, मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. आईनं विचारलं, पोरगं शेवटी काही बोललं का? दादा म्हणाले, रेडिओ बंद पडला होता, मावशी. त्याला काही कळलंही नसेल.

वहिनी : खरं सांगायलाच गेले होते. पण तुझ्या आईनं ते विचारलं, आणि ह्यांची जीभच रेटेना. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. घरी येऊन न्हाणीघराला कडी लावून बसले. म्हणाले, पुढच्या महिन्यात सांगतो. तेव्हा तुझी परीक्षा आली. मग तुझ्या आईचं ऑपरेशन. मग तुझं लग्न. दर वेळी सांगायला म्हणून जायचे आणि तुमचा गळका नळ दुरुस्त करून यायचे.

धाकटी : काय झालं होतं? काही गाळू नका.

वहिनी : धुकं होतं. धावपट्टी एकच. तुझ्या भावाचं छोटं विमान परत येत होतं, आणि मागून एक मोठं, जखमी जवानांना घेऊन. तुझा भाऊ म्हणाला, दहा-बारा मिनिटांचं इंधन उरलंय. ह्यांना वाटलं, मोठं पाच-सहा मिनिटांत उतरेल, लगेच हा. जखमींना आधी, असा नियमच. तर उतरताना मोठ्याचं चाक फुटलं. धावपट्टीच्या मधोमध आडवं झालं ते. मग ह्यांनी तुझ्या भावाला दुसऱ्या तळाकडे वळवलं. तिथवर पोचला नाही तो.

धाकटी : म्हणजे त्याला आधी उतरवलं असतं तर...

वहिनी : दोन्ही उतरली असती. चौकशीत ह्यांना कुणी बोल लावला नाही. निर्दोष म्हणून लेखी दिलं. तो कागद ह्यांनी मला दाखवलाही नाही, पुढे कपाट आवरताना सापडला. वर्षभरात नोकरी सोडली. माइकला पुन्हा हात लावला नाही.

धाकटी : माझी मुलं मामा म्हणतात त्यांना.

वहिनी : माहीत आहे.

धाकटी : तुम्हाला सगळंच माहीत होतं! मी इथे येऊन जेवायचे, तुमच्या पलंगावर लोळायचे, भावाच्या आठवणी काढून रडायचे. आणि तुम्ही पाठीवरून हात फिरवायचात.

वहिनी : हो. ह्यांच्याइतकीच मीही दोषी. मला वाटायचं, कळलं तर तू यायचीच बंद होशील. आम्हाला मूल नव्हतं. तुझी सवय लागली होती.

धाकटी : म्हणजे हे सगळं प्रायश्चित्त. मी उगाच माया समजत बसले.

वहिनी : पहिली दोन-तीन वर्षं असेल प्रायश्चित्त. पुढचं मला वेगळं काढता येत नाही. तुला गाडी शिकवायला नेलं होतं आणि तू सरळ फाटकावर घातलीस, आठवतंय? घरी येऊन पोट धरून हसले होते. प्रायश्चित्त करणारा माणूस तसा हसत नाही गं.

धाकटी : उद्या मी बोलणार नाही.

वहिनी : नको बोलूस.

धाकटी : येईन की नाही, तेही माहीत नाही.

वहिनी : बरं.

(धाकटी कागद पर्समध्ये कोंबते, उठते, दारापर्यंत जाते. परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसते.)

धाकटी : दादांनी थांब म्हटल्यावर काय म्हणाला तो?

वहिनी : "बरं, थांबतो."

धाकटी : चिडून?

वहिनी : नाही. साधंच. ह्यांनी मला एकदाच म्हणून दाखवलं होतं, त्याच्या सुरात.

धाकटी : आई जेवायला हाका मारून थकायची, तासभर हलायचा नाही. बाबा नको म्हणाले म्हणून मुद्दाम वैमानिक झाला. जन्मात कुणाचं ऐकलं नाही हो, वहिनी. एकदाच ऐकलं.