समासातली पेन्सिल

(स्वयंपाकघर, संध्याकाळ. टेबलावर एक जाड वही उघडी पडली आहे. बायको नुकतीच कॉलेजातून आली आहे, नवरा तिच्या आधी घरी पोचला आहे.)

विद्यार्थिनी: माझ्याकडे नको, वहीकडे बघा. हे पेन्सिलीनं कोणी लिहिलंय?

नवरा: अगं, आधी बस तरी. पर्स उतरव खांद्यावरची.

विद्यार्थिनी: घरात माणसं दोन. मी पेन्सिल वापरत नाही. तुमच्या कानावर मात्र कायम अडकवलेली असते. आत्ताही आहे.

नवरा: कामाला लागते. लिफ्टच्या खोलीत भिंतीवर मापं लिहायची, तिथं पेन चालत नाही.

विद्यार्थिनी: अहो!

नवरा: बरं, मीच लिहिलं. रविवारी लिहिलं आणि लगेच पस्तावलो. खोडायचं होतं. खोडरबर शोधेपर्यंत काल तू वही घेऊन गेलीससुद्धा.

विद्यार्थिनी: कॉलेजची वही आहे हो ती. चाळिशीत परत शिकायला बसले, तर निदान एक वही माझी एकटीची असावी की नाही? किती दिवस वाचताय चोरून?

नवरा: पहिल्या पानापासून.

विद्यार्थिनी: म्हणजे तीन महिने!

नवरा: चोरून कशाला? इथंच तर पडलेली असते. म्हटलं, लग्नापायी राहिलेलं कॉलेज बायको पुरं करतेय, बघावं काय शिकवतात. तर पानंच्या पानं त्या रक्तपित्या सरदारावर! तो असा येतो, तो असा बघतो, आरशात दिसत नाही. मी रोज आरशात दिसतो, माझ्यावर कधी दोन ओळी नाहीत.

विद्यार्थिनी: अभ्यास आहे तो. त्या जुन्या कादंबरीचा भाग वाचायचा आणि दर आठवड्याला आपल्याला काय वाटलं ते लिहायचं.

नवरा: लिही की. तुझ्या लिहिण्याचं मला काही नाही. पण समासातली ती हिरवी शाई! ‘तुमचं हे वाक्य वाचून काल झोप लागली नाही.’ खाली सही नाही, नाव नाही. कोणाची झोप उडवत होतीस तू?

विद्यार्थिनी: माझ्या जोडीदाराची.

नवरा: बघ! तेव्हाही असंच म्हणालीस, भाजी निवडता निवडता. ‘वर्गात प्रत्येकाला एक जोडीदार दिलाय, वह्या एकमेकांना वाचायला द्यायच्या.’ मी म्हटलं, वीस वर्षं झाली, जोडीदार मी आहे ना?

विद्यार्थिनी: असं काही म्हणाला नाहीत तुम्ही.

नवरा: मनात म्हटलं.

विद्यार्थिनी: सरळ विचारायचं होतंत, हा जोडीदार कोण म्हणून.

नवरा: विचारलं असतं तर संशयी ठरलो असतो. त्यापेक्षा स्वतःच जाऊन बघितलं.

विद्यार्थिनी: कुठं जाऊन?

नवरा: तुमच्या कॉलेजात. शनिवारी दुपारी हॉलमध्ये त्या कादंबरीवरचा सिनेमा दाखवला ना तुम्हाला? मी मागच्या रांगेत होतो. खांबाआड.

विद्यार्थिनी: तुम्ही तर म्हणालात, चौदा मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट अडकलीय!

नवरा: अडकली होती. भागीदाराला पाठवलं.

विद्यार्थिनी: म्हणून तो इस्त्रीचा निळा शर्ट! मीही म्हटलं, ग्रीस पुसायला एवढा चांगला शर्ट कशाला.

नवरा: समोर कोण असेल कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांसमोर एक उंच, कुरळ्या केसांचा, हळू आवाजात बोलणारा होता. आणि तुझ्या शेजारी बघतो तर सत्तरीच्या एक बाई. मांडीवर काठी आडवी, हातात हिरवं पेन.

विद्यार्थिनी: सिस्टर. चाळीस वर्षं नर्स होत्या त्या. मग काय, जीव भांड्यात पडला असेल.

नवरा: पडला. आणि अर्ध्या तासात भांड्याबाहेर आला. पुरुष असता तर बरं झालं असतं.

विद्यार्थिनी: काहीतरीच काय!

नवरा: खरं सांगतो. पुरुष असता तर रागावता तरी आलं असतं, चार माणसं आपल्या बाजूनं बोलली असती. त्या म्हाताऱ्या बाईंवर काय रागावू? तू त्यांच्या कानात काहीतरी बोललीस, त्या तुझ्या कानात बोलल्या आणि दोघी अशा हसलात की पुढच्या रांगेतली माणसं वळली. पडद्यावर कुणाच्या तरी छातीत खुंटी ठोकत होते आणि तू डोळे पुसत हसत होतीस. माझ्यासमोर अशी कधी हसली होतीस ते आठवत बसलो मी. सिनेमा संपला तरी आठवेना.

विद्यार्थिनी: खिडकीवरून हसत होतो आम्ही.

नवरा: कुठली खिडकी?

विद्यार्थिनी: कादंबरीत नवरा दाराबाहेर पहाऱ्याला असतो, तेव्हा बायको स्वतः उठते, कडी काढते आणि त्या सरदारासाठी खिडकी उघडते. सगळी कादंबरी त्या एका कडीवर उभी आहे. आणि सिनेमात? वादळ येतं नि खिडकी आपोआप उघडते. बाईच्या हाताला काही कामच ठेवलं नाही. सिस्टर म्हणाल्या, ‘सिनेमा करणारा नक्की कुणाचा तरी नवरा असणार.’

नवरा: हं. चांगलं आहे. मला सांगितलं असतंस तर मीही हसलो असतो.

विद्यार्थिनी: विचारलंत कधी?

नवरा: नाही विचारलं. लिहिलं. कारण दुसऱ्या दिवशी वही उघडली तर तू लिहिलेलं, ‘नवरा म्हणजे दाराबाहेर कंदील घेऊन बसलेला मठ्ठ माणूस.’ मठ्ठ! झोंबलं मला.

विद्यार्थिनी: कादंबरीतला नवरा आहे तो!

नवरा: असेना. दाराबाहेर बसला होता ना?

विद्यार्थिनी: आता आज काय झालं ते ऐका. मॅडम प्रत्येकाच्या वहीतलं निवडून वाचत होत्या. माझी उघडली. मला खात्री होती, खिडकीवरचा परिच्छेद वाचणार. तीनदा खोडून लिहिला होता तो मी. ते पान त्यांनी उलटलं. आणि पेन्सिल वाचली.

नवरा: माझी?

विद्यार्थिनी: पाठ झालीय मला. ‘दाराबाहेरच्या माणसाला आतलं सगळं ऐकू येतं. आतल्याला वाटतं, बाहेर कोणीच नाही. तो मठ्ठ नाही. आत जाऊन काय बोलायचं ते त्याला माहीत नाही, म्हणून तो कंदिलाची वात नीट करत बसतो.’ मॅडम म्हणाल्या, ह्या कादंबरीवर इतकं साधं आणि इतकं खरं ह्या वर्गात कोणी लिहिलं नव्हतं.

नवरा: असं म्हणाल्या?

विद्यार्थिनी: हसू नका.

नवरा: हसत नाही. पुन्हा एकदा सांग, काय म्हणाल्या?

विद्यार्थिनी: अंगाची लाही लाही झाली माझ्या. कादंबरी तरी वाचलीत का तुम्ही?

नवरा: नाही. तुझी वही वाचली. आणि सिनेमा बघितला, तोही निम्मा तुझ्याकडे बघत.

विद्यार्थिनी: मी दोनदा वाचली. शेजारी शब्दकोश ठेवून, एकेका पानाशी झटत. आणि तुम्ही कानावरची पेन्सिल काढून चार ओळी खरडल्यात, माझ्या सगळ्या पानांवर पाणी! बरं, पुढचं ऐका. मॅडम माझ्याकडे बघून ‘वा!’ म्हणाल्या. मी काय केलं असेल?

नवरा: काय?

विद्यार्थिनी: थँक्यू म्हटलं. मान खाली घालून. त्या ओळी माझ्या नाहीत, एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. पेन्सिलीनं का लिहिलंय ते मॅडमनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

नवरा: जाऊ दे गं. घरातल्या घरात.

विद्यार्थिनी: सिस्टरना मात्र कळलं. बाहेर आल्यावर दंड धरला माझा. म्हणाल्या, ‘अक्षर तुमचं नाही. आणि हा माणूस खरोखरच कुठल्यातरी दाराबाहेर बसलेला आहे. वॉर्डाबाहेर अशी माणसं मी रोज बघायचे.’

नवरा: चहा टाकू का?

विद्यार्थिनी: चहा नको. कुठल्या दाराबाहेर?

नवरा: राहू दे ना आता.

विद्यार्थिनी: सांगा.

नवरा: तुझ्या. ऑपरेशन झालं तेव्हा. आपलं बाळ गेलं तेव्हा.

विद्यार्थिनी: तेव्हा तुम्ही कामावर जात होतात. सकाळी डबा ठेवायचात, दोन मिनिटं उभे राहायचात, की निघालात. आई म्हणायची, जावयाला कामापुढे काही सुचत नाही. नऊ वर्षं हेच मनात धरून बसलेय मी.

नवरा: कामावर गेलोच नाही. बाहेर बाकावर बसायचो. सहा दिवस. दुपारी तुझी आई डोळा लावायची, मग तू रडायचीस. ऐकू यायचं.

विद्यार्थिनी: मग आत का नाही आलात?

नवरा: लिफ्टमध्ये कोणी अडकलं की मी बाहेरून बोलतो. ‘घाबरू नका, दोन मिनिटं थांबा, दार उघडतोय.’ बोलता येतं, कारण दार उघडणार असतं. तिथं काय सांगणार होतो तुला?

विद्यार्थिनी: सांगायचं काहीच नव्हतं. कॉटवर येऊन बसायचं होतंत नुसतं.

नवरा: ते मला आत्ता कळतंय.

विद्यार्थिनी: आणि हे तुम्ही सांगितलंत कुणाला? वहीला. मग मॅडमनी ऐकलं, सिस्टरनी ऐकलं, अख्ख्या वर्गानं ऐकलं. शेवटच्या बाकावर एक मुलगी रडली म्हणे. माझ्याआधी ती रडली! माझ्या नवऱ्याच्या दुःखावर माझा नंबर शेवटी लागला.

नवरा: तुलाच लिहिलं होतं गं. तू न बघता वही पिशवीत टाकलीस.

विद्यार्थिनी: माझंच चुकलं म्हणा आता.

नवरा: नाही म्हणत.

विद्यार्थिनी: गुरुवारी तास आहे. मॅडमना सांगून टाकते, त्या ओळी माझ्या नाहीत.

नवरा: सांग. नाही सांगितलंस तरी माझी तक्रार नाही.

विद्यार्थिनी: सांगणार आहे. पण आज मंगळवार. तोवर दोन दिवस त्या माझ्याच असू देत.

नवरा: असू देत.

विद्यार्थिनी: तुम्हाला वाईट नाही वाटणार?

नवरा: वाटेल की. तरी ठेव.