केळकरांची केबल कार

क्रूझवर कुणाबरोबर जाऊ नये, ते मला विचारा. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो ते न्यूझीलंडमधल्या, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटच्या केळकरांबरोबर. माणूस फार्मसिस्ट, मतंसुद्धा आधीच बाटल्यांत भरून ठेवलेली!

चिलीत वाल्पराइसोला बोट दिवसभर थांबणार होती. बोटीची टूर म्हणजे शुद्ध लूट, म्हणून केळकरांनी आम्हाला पायीच हिंडवलं. डोंगरभर रंगीबेरंगी घरं, भिंतीभिंतीवर चित्रं. मी म्हटलं, "काय सुंदर आहे हो!"

"ह्यात काय? डोंगर, समुद्र, वारा. आपलं वेलिंग्टनच की!" केळकर म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या बायकोला, नंदाला, रुळांवरून डोंगर चढणारा जुना लाकडी डबा दिसला. "अहो, बसू या ना!"

"वेड लागलंय का? आपल्याकडे अशीच रुळांवरची मस्त केबल कार आहे आणि इथे ह्या खटाऱ्यात बसायचं? घरी गेलो की वेलिंग्टनला बसवतो."

आम्ही दोघं मेले निर्लज्ज, बसलो. वरून बघते तर नंदा खालीच उभी, आणि केळकर तिला वारासुद्धा वेलिंग्टनसारखाच कसा आहे ते समजावून सांगतायत.

परवा त्यांच्याकडे चहाला गेले होते. नंदा हळूच म्हणाली, "अहो, ह्या रविवारी केबल कारला जाऊ या? इतकी वर्षं इथे राहून मी एकदाही बसले नाहीये."

केळकरांनी चहात बिस्किट बुडवलं.

"आता कशाला? वाल्पराइसोला बघितलीस ना? तेच ते."