खूण कोणत्या गुडघ्यावर

निवृत्त ग्रंथपाल खाटेवर पुस्तक उघडून बसले होते, पण कान पडद्यापलीकडे होते. तिथे वॉर्डातला जुना पेशंट शिंपी आणि कालच आलेला गवंडी बोलत होते.

“इथे लाजायचं नाही, गवंडीदादा. डॉक्टरांना सगळं विचारायचं, सगळं सांगायचं.”

“एक सांगायचं राहिलंय, मास्तर. उद्या ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं, आणि शाईची खूण डाव्यावर आहे.”

“ती कशी?”

“दुखऱ्या पायाला हात लावतील, म्हणून मीच दुसरा पुढे केला.”

“धन्य आहात. आता फेरीला आले की सांगून टाका.”

“तुम्हीच सांगा ना. तुमची ओळख आहे.”

“ओळख आहे म्हणून तर बरं दिसत नाही. ते बघा, आलेच.”

“काय मंडळी, काही तक्रार?”

“छे छे, डॉक्टरसाहेब. अगदी उत्तम.”

“आणि तुम्ही, दादा?”

“मास्तर म्हणतात तसंच.”

पावलं दाराकडे वळली. जन्मभर लोकांना गप्प बसवलेल्या ग्रंथपालांनी पुस्तक मिटलं आणि पडदा सरकवला.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “जरा मोठ्याने बोलतो, माफ करा.”