हलकं रिव्हॉल्व्हर, दहा हजार गोळ्या

नाही, हलकं असावं, मी कुठं नाही म्हणते? पण किती हलकं! तुम्हाला सांगते, माझ्या पर्समध्ये चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि ते रिव्हॉल्व्हर... आणि या सगळ्यात जड काय, तर किल्ल्या! ओपलनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, ते हातात ठेवलं तेव्हा मला वाटलं, हिनं रिकामी डबीच दिली. "अगं व्हर्ना, खिशात मावतं, पाच गोळ्या बसतात, आता कशाला भितेस?" कशाला म्हणजे? मी मुळातच भित्री, काय करणार!

आणि भ्यायला कारण नव्हतं का? केंटकीच्या डोंगरात आमचं गाव ते केवढं, त्यात माझं हे कपडे धुण्याचं दुकान, बारा मशीनं आणि मी एकटी. भर दुपारी तो रँडल सायझमोर चाकू घेऊन आत! "डबा द्या!" दिला, नाण्यांचा अख्खा डबा दिला. मग भीतीनं आपणहून किल्ल्या दिल्या, साबणाच्या दोन पुड्या दिल्या... आणि तो दाराशी पोचला तर काय म्हणावं मी? "परत या हं!" अहो, सवय! तीस वर्षं गिऱ्हाइकांना तेच म्हणतेय! पोलिसांनी त्याला दुसऱ्या दिवशी धरलं, तुरुंगात टाकलं, पण मी आपली दाराची घंटी वाजली की टेबलाखाली.

म्हणून ते रिव्हॉल्व्हर. आणि ओपल कसली सोडतेय! "नुसतं बाळगून काय उपयोग? हात बसायला हवा!" झालं, दर शनिवारी सकाळी जुन्या खाणीमागच्या मैदानात पन्नास गोळ्या, त्याही जोरकस, कारण ओपल म्हणे, मिळमिळीत गोळ्यांनी चोर हसेल! आता तुम्हीच बघा, जड बंदूक धक्का स्वतः खाते, ही हलकी भवानी सगळाच्या सगळा माझ्या पंजात द्यायची. अंगठ्याचं सालटं निघायचं, दात वाजायचे, रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला हात जुळायचे नाहीत. तरी चार वर्षं एक शनिवार चुकवला नाही. का? मी मुळातच भित्री, काय करणार!

आणि मग त्या शनिवारी... दोन गोळ्या सुटल्या, तिसऱ्याला खटका दाबते तर ढिम्म! गोळ्यांचं चक्रच फिरेना. ओपल म्हणे, "जोर लाव!" मी म्हटलं, तूच लाव, तुझी नातवंडं मोठी झालीत! शेवटी नळी जमिनीकडे धरून, श्वास रोखून, तस्संच एस्टिलकडे नेलं, तो गावातला बंदुका दुरुस्त करणारा. त्यानं अडकलेलं चक्र सोडवलं, गोळ्या काढल्या. "धक्क्यानं एक गोळी पुढं सरकून अडकली होती, ते काही मोठं नाही," म्हणाला. मग डोळ्याला भिंग लावलं, ते उजेडात धरून उलटंसुलटं केलं.

"व्हर्नाबाई, किती झाडल्यात यातून?"

"शनिवारी पन्नास."

"किती वर्षं?"

"चार."

त्यानं भिंग खाली ठेवलं. "दहा हजार! अहो बाई, हे बाळगायचं असतं! झाडायचं क्वचित, तेही नरम गोळ्यांनी. चौकट अल्युमिनियमची आहे याची. ही बघा, नळीखाली चीर."

केसाएवढी चीर! आणि मी ते तोंडासमोर धरून डोळे मिटून खटका ओढत होते. "पुढची गोळी उडाली असती तर?" एस्टिल काय म्हणाला माहीत आहे? "सांगता येत नाही." एवढंच! म्हटलं, मग सराव कशावर करू? "जड पोलादीवर." ते या सांधेदुखीच्या हातांना उचलत नाही, म्हणून तर हे हलकं! म्हणजे सराव करावा तर ते फुटणार, न करावा तर नेम चुकणार... आता भिऊ नको तर काय करू?

ते कंपनीकडे गेलं. सहा आठवडे, म्हणाले. आणि चौथ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराला, दुकानात चिटपाखरू नाही, घंटी वाजली. रँडल सायझमोर! सुटून आलेला, खांद्यावर उशीच्या खोळीत भरलेलं काहीतरी. टेबलाखाली जायचंही सुचलं नाही हो! हात आपोआप पर्समध्ये गेला, आत होती रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली. तीच आवळून धरली. हात असा थरथरतोय की बाटली आत खळखळ, खळखळ...

आणि तो पांढराफटक! खोळ टाकली, दोन्ही हात वर. "बाई, झाडू नका! सगळं गाव सांगतंय, दर शनिवारी पन्नास! मला फक्त कपडे धुवायचेत हो, उद्या लाकडाच्या गिरणीत कामाला लागतोय..." खळखळ ऐकून तो आणखी मागं सरकला. आता त्याला कसं सांगू, या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात म्हणून? दोघं उभे, मी थरथरतेय, तोही थरथरतोय. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "गडद कपडे गार पाण्यात टाक, रंग जातो."

आता येतो दर मंगळवारी. सगळ्यात लांबच्या खुर्चीत बसतो, माझ्या पर्सवरून नजर काढत नाही. आणि मी त्याच्यावरून. काय करणार, मी मुळातच भित्री!

मग काल एस्टिलचा फोन, कंपनीनं नवंकोरं दिलंय, येऊन सही करा. गेले, तर कागद वाचून दाखवला त्यानं, आयुष्यभराची हमी! मी हरखले. म्हटलं, "याच्या आयुष्यभराची?" तो खाकरला. "नाही, व्हर्नाबाई... तुमच्या. तुम्ही आहात तोवर ते तुमचं, तुम्ही त्याच्या. दोघांपैकी एक जाईपर्यंत."

आता सांगा, माझ्या हर्शेलशी लग्न लागलं तेव्हा पाद्र्यानं हेच तर वाचून दाखवलं होतं! तेव्हाही हात असाच कापत होता... आणि तेव्हाही केलीच होती की सही!