रिकाम्या जहाजाचा पल्ला

बायको : म्हणजे आपलं अख्खं अवकाश स्थानक मध्येच लटकलंय, असंच ना?

नवरा : लटकलं नाही. थांबलंय.

बायको : इंधन संपल्यावर जे होतं त्याला थांबणं म्हणायचं का? बरं. आणि सीमेवर शत्रू येऊन बसलाय, तो आता आपली वाट बघत बसेल?

नवरा : अगं, स्थानक सीमेपर्यंत ओढून नेणाऱ्या जहाजाचा पल्ला गेममध्येच दाखवला होता ना. सीमा त्यात आरामात बसत होती.

बायको : तो रिकाम्या जहाजाचा, दीडशहाण्या. मागे एवढं धूड बांधल्यावर तोच राहील?

नवरा : कमी होणार हे कळत होतं मला. म्हणूनच तर स्थानकाच्या टाक्या काठोकाठ भरून घेतल्या.

बायको : आणि ओढताना ते इंधन जहाजाला मिळतं?

नवरा : नाही मिळत. ते नंतर कळलं.

बायको : वा. म्हणजे धूड आणखी जड केलंस. हे सुचायलाही डोकं लागतं.

नवरा : मागून टँकर पाठवलेत मी.

बायको : बघितले. तिथवर पोचेपर्यंत स्वतःच सगळं पिऊन टाकतायत. हात हलवत जाणार आणि शेजारी उभे राहणार.

नवरा : गेम आहे गं. किती लावून धरशील?

बायको : गेमच आहे. पण ‘माझ्यावर सोड, मी सगळं बघितलंय’ हे मी आज दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा जेवताना, नोकरी सोडतो म्हणालास तेव्हा.

नवरा : त्याचा इथे काय संबंध? उद्या राजीनामा द्यायचा हे आपलं ठरलंय.

बायको : तुझं ठरलंय. माझ्या तोंडात घास होता, म्हणून मान हलवली.

नवरा : स्वतःच्या वर्कशॉपचा विचार मी कधीपासून करतोय. सुरुवातीला कामं नाही आली तरी साठवलेल्यावर वर्ष निघेल.

बायको : कुणाचं निघेल?

नवरा : म्हणजे?

बायको : साधा प्रश्न आहे. त्या हिशेबात कोण कोण आहे? तुझी आई आहे?

नवरा : आईला असं काय लागतं?

बायको : रोजची औषधं लागतात. गुडघ्याचं ऑपरेशन टाळत बसलीय, ते कधीतरी करावंच लागेल. आणि माझ्या पोटात आहे ते? माझी रजा बिनपगारी असणार, हे मी तुला सांगितलं होतं. तेव्हाही तू टँकरच मोजत असशील.

(तो माउस बाजूला ठेवतो.)

नवरा : मी माझ्या एकट्याचंच धरलं होतं गं.

बायको : हं.

नवरा : मग नोकरी सोडूच नको म्हणतेस?

बायको : तसं म्हटलं का मी? उद्या सोडू नकोस. आधी सगळ्यांना धरून मोजू.

नवरा : आणि स्थानकाचं काय करायचं?

बायको : जाऊ दे ते खड्ड्यात. तुझी खुर्ची इकडे घे.